ड्रम फिरतो, पण माल मिसळतो कशाने? एक बॅगच्या मिक्सरविषयी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या हुडकेश्वरला दोन घरांची कामं घेतलीत आणि त्यासाठी एक बॅगचा (एका वेळी सिमेंटची एक बॅग मिसळणारा), टिल्टिंग म्हणजे झुकवून ओतायच्या ड्रमचा जुना मिक्सर विकत घेतलात. फुटिंग आणि कॉलमच्या वेळी काही जाणवलं नाही. स्लॅबच्या दिवशी मात्र माल एकसारखा येईना: पहिल्या घमेल्यांत नुसती रबडी, शेवटच्या घमेल्यांत उघडी गिट्टी, मधूनमधून सिमेंटचे न फुटलेले गोळे. काम लवकर उरकावं म्हणून तुम्ही मोटरवरची ४ इंची पुली काढून ६ इंची बसवली होती. मिस्त्री म्हणतो पाणी वाढवा, मिक्सर विकणारा म्हणतो पाती बदला, आणि तुम्हाला कळून घ्यायचंय की ड्रमच्या पोटात नेमकं चालतं काय.

भाऊ, आधी कामाचं सांगतो. पुली परत ४ इंची करा, आजच करा. पाणी वाढवू नका. पात्यांचं म्हणणं कदाचित खरं असेल, ते कसं तपासायचं ते पुढे येईल. मी नागपुरात तीसेक वर्षं मिक्सर भाड्याने देतो आणि दुरुस्त करतो, त्याआधी साइटवर सुपरवायझर होतो. या काळात तुमच्यासारखी पुली बदललेली मशीन माझ्या दारात किती आल्या ते मोजलेलं नाही, पण प्रत्येक वेळी तक्रार हीच होती.

आता कारण. ड्रम फिरतो म्हणून काँक्रीट मिसळतं असं आपण समजतो. खरं तर ते मिसळतं पडण्यामुळे. आतली पाती खालचा माल उचलतात, वर नेतात आणि सोडून देतात. तो माल खालच्या थरावर आदळतो, पसरतो, पुन्हा उचलला जातो. या प्रत्येक पडण्यात गिट्टीवर मसाल्याचं पातळ अस्तर चढतं आणि सिमेंटच्या गुठळ्या गिट्टीखाली चिरडल्या जातात. ड्रमने फक्त उचलायचं असतं, बाकीचं काम वजन करतं. नागपूरच्या महाल भागातले जुने वाडे ज्या चुन्यात बांधले गेले तो चुना बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली रगडला जायचा. तिथे रगडणं होतं, इथे उचलून पाडणं आहे. आपल्या मिक्सरमध्ये रगडणारं काहीच नाही, त्यामुळे पडायला जागा आणि पडायला वेळ मिळाला नाही तर मिसळणंही नाही.

यावरून वेगाचं गणित समजतं. ड्रम हळू फिरला तर माल पात्यावरून लगेच घसरतो आणि तळाशीच लोळत राहतो. फार जोरात फिरला तर माल भिंतीला दाबला जातो आणि भिंतीबरोबरच फिरतो, पडतच नाही. हा दुसरा वेग काढायला सोपा आहे. ड्रम जिथे सर्वांत रुंद आहे तिथला व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि ४२.३ ला त्याने भागा. जो आकडा येईल तितके फेरे मिनिटाला झाले की माल भिंतीला चिकटून पूर्ण वर्तुळ फिरतो. तुमचा ड्रम अंदाजे १.२ मीटरचा धरला तर हा आकडा ३८ ते ३९ येतो. म्हणूनच मिक्सर बनवणारे २० च्या आसपास फेरे ठेवतात, म्हणजे त्या वेगाच्या साधारण निम्मे.

आता तुमच्या पुलीकडे बघा. मोटर १,४४० फेऱ्यांची असते. तिच्यावर ४ इंची पुली आणि समोर १६ इंची असेल तर पट्ट्यातच वेग चौथा हिस्सा होतो, ३६०. पुढे मधला शाफ्ट, पिनियन (छोटं दातेरी चाक) आणि ड्रमभोवतीची दातेरी रिंग मिळून तो अठरा पटीने कमी करतात, तेव्हा ड्रमला २० फेरे मिळतात. मोटरवर ६ इंची पुली लावली की हेच ३० होतात. तुमच्या मोठ्या पुलीचा आकार थोडा वेगळा असेल, पण दीडपट वाढ ही वाढच. बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. २० फेऱ्यांना भिंतीजवळच्या मालावर हा जोर त्याच्या वजनाच्या पाव हिश्शाहून जरा जास्त असतो, ३० फेऱ्यांना तो ६० टक्क्यांवर जातो. मग माल वेळेवर सुटत नाही, खूप वर जाऊन समोरच्या भिंतीवर फेकला जातो, ओला मसाला भिंतीलाच राहतो आणि जड गिट्टी तेवढी सुटून तोंडाकडे उडते. स्लॅबच्या दिवशी मिक्सरच्या तोंडातून खडे उडत होते का ते आठवा. उडत असतील तर पहिला अपराधी सापडला. शिवाय दीडपट पुलीने मोटरवर भार दीडपट येतो. पट्टा जळका वास देत असेल किंवा मोटर हात लावू देत नसेल तर त्याचं कारणही हेच.

दुसरी गोष्ट भरण्याची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. घरी चिवडा करताना डबा गच्च भरून हलवून पाहा. वरचे शेंगदाणे वरच राहतात. डबा अर्धा रिकामा ठेवला तर दोन हेलकाव्यांत सगळं एकजीव होतं. ड्रमही तसाच. त्याच्या पोटातली रिकामी जागा हीच माल पडण्याची जागा, ती भरून टाकली की पाती मालातून नुसती नांगर फिरल्यासारखी जातात.

आपल्याकडे ज्याला १०/७ म्हणतात त्या मिक्सरचा अर्थ असा की त्यात १० घनफूट कोरडा माल टाकावा आणि त्यातून ७ घनफूट ओलं काँक्रीट निघावं. लिटरमध्ये साधारण २८० आणि २००. आयएस १७९१ या मानकातही मिक्सरचं माप तयार मालाच्या लिटरांतच सांगितलेलं आहे, ड्रमच्या एकूण पोटाच्या नव्हे. ड्रमचं पोट यापेक्षा खूप मोठं असतं, म्हणून रेजा (मजूर बायका) आणि हेल्पर यांना वाटतं की अजून दोन घमेली सहज मावतील. मावतात, पण मिसळत नाहीत.

एम-२० या प्रतीच्या काँक्रीटचा हिशेब घ्या. ५० किलोची बॅग म्हणजे ३५ लिटर सिमेंट. १:१.५:३ ने रेती साडेबावन्न लिटर, गिट्टी १०५ लिटर. एकूण कोरडा माल १९२ लिटर, २८० च्या बराच आत. त्यातून सुमारे १३० लिटर काँक्रीट निघतं. दीड बॅग टाकली तर कोरडा माल २८८ लिटर होतो, म्हणजे मर्यादेच्या काठावरून पलीकडे. दोन बॅगा टाकल्या तर ३८४. तुम्ही प्रश्नात किती बॅगा ते लिहिलं नाही, पण वेग वाढवायची घाई होती म्हणजे बॅगाही वाढल्या असाव्यात अशी मला शंका आहे. एक बॅग, एक बॅच, हा नियम पाळा. त्यात अजून एक फायदा आहे: अर्धी बॅग मोजावी लागत नाही. अर्धी बॅग म्हणजे साइटवर कधीच २५ किलो नसते.

रेती-गिट्टी घमेल्याने मोजू नका. एक घमेलं शिगोशीग, दुसरं सपाट, दुपारनंतर तिसरं अर्धं. ४० बाय ३५ बाय २५ सेंटीमीटरची लाकडी किंवा पत्र्याची पेटी करून घ्या, ती बरोबर ३५ लिटरची, म्हणजे एका बॅगेएवढी. एका बॅगेला रेतीची दीड पेटी, गिट्टीच्या तीन. फळीने सपाट करून भरायची. पावसाळ्यात रेती ओली असली की ती फुगते. चार-पाच टक्के ओलाव्याला आकारमान पाव हिश्शापर्यंत वाढू शकतं, म्हणजे पेटी भरलेली दिसते आणि रेती कमी जाते. कन्हान नदीची रेती असो की क्रश सँड, दोघींना हे लागू आहे. वजनाने मोजता आलं तर त्याहून उत्तम. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकात एम-२० च्या ठरावीक मिश्रणाला एका बॅगेमागे रेती-गिट्टी मिळून २५० किलो आणि पाणी जास्तीत जास्त ३० लिटर दिलं आहे. त्यातली रेती ८३ किलोच्या आसपास आणि तिच्यात ५ टक्के ओल असेल तर चार लिटर पाणी तुम्ही न कळत आधीच टाकलंय. तितकं ३० मधून वजा करा.

ड्रमचा आकार नीट बघितला आहे का कधी? मधे रुंद, दोन्हीकडे निमुळता, कांद्यासारखा. तो शोभेसाठी नाही. पाती माल नुसता वर उचलत नाहीत, ती थोडी तिरकी बसवलेली असतात, त्यामुळे उचलताना मालाला तोंडाकडून बुडाकडे आणि बुडाकडून मध्याकडे ढकलतात. निमुळत्या भिंतींवरून तो परत रुंद भागाकडे घसरतो. अशी दोन हालचालींची सांगड असते, एक वर-खाली आणि एक पुढे-मागे. वर-खालीने गिट्टीला मसाला लागतो, पुढे-मागेने बुडातला आणि तोंडाजवळचा माल एकमेकांत जातो. तुमच्या पहिल्या आणि शेवटच्या घमेल्यात फरक पडतो याचा अर्थ ही दुसरी हालचाल बिघडली आहे. ती बिघडण्याची कारणं दोन: पाती झिजलेली किंवा ड्रमचा कल चुकलेला.

कल आधी बघा, तो फुकटात सुधारतो. मिसळताना ड्रमचा अक्ष आडव्या रेषेशी साधारण १५ ते २० अंश असावा. हँडव्हीलजवळच्या खाचांच्या चकतीत पिन बसते ती याचसाठी. जुन्या मशीनची खाच झिजते, पिन एक घर पुढे-मागे बसते, किंवा मिक्सरच काळ्या मातीवर उभा असतो आणि सकाळपासून पाणी सांडून एक चाक खचलेलं असतं. हुडकेश्वर, बेसा, नरसाळा भागातली माती कशी आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. ड्रम जास्त उभा झाला की तो बादलीसारखा वागतो, माल बुडात बसून गोल फिरतो. चाकांखाली जाड फळ्या टाका, जॅकवर उचला, पाण्याची पातळी लावून फ्रेम सपाट करा, दर दोन तासांनी पुन्हा बघा.

मग पाती. मिक्सर बंद, मोटरची वायर बोर्डातून काढलेली, आणि टॉर्च घेऊन आत बघा. नव्या पात्याची उंची किती होती ते त्याच्या मुळाशी, वेल्डजवळ, कमी झिजलेल्या भागावरून कळतं. माझा अनुभव असा की एक तृतीयांश उंची गेली की फरक जाणवायला लागतो आणि निम्मी गेली की कितीही वेळ फिरवा, माल सारखा होत नाही. आपली काळ्या दगडाची गिट्टी फार कठीण, धारदार कडांची, पाती खाते. दुसरी आणि जास्त वेळा दिसणारी अडचण म्हणजे पात्यांच्या कोपऱ्यात जमलेलं जुनं काँक्रीट. पातं आणि भिंत यांच्यातली खोबण भरली की पातं शाबूत असूनही उचलायला पदरच उरत नाही. तुम्ही जुना मिक्सर घेतला आहे, त्यामुळे मला पात्यांपेक्षा या थराचा संशय जास्त. आधी तो काढा. नवी पाती लावायचा खर्च त्यानंतर ठरवा.

थर काढताना एक गोष्ट हात जोडून सांगतो. फार वर्षांपूर्वी वर्धा रोडवरच्या एका साइटवर मी उभा असताना एक पोरगा ड्रममध्ये कमरेपर्यंत शिरून छिन्नी मारत होता. दुसऱ्याला ते ठाऊक नव्हतं, त्याने बटण दाबलं. दोन फेऱ्यांत मोटर बंद केली, तरी त्याचा हात खांद्यापासून मोडला. तो वाचला, पण मिस्त्रीकाम त्याला पुन्हा करता आलं नाही. तेव्हापासून माझ्याकडचा नियम आहे: आत जाणाऱ्याने वायर स्वतः काढायची आणि प्लग स्वतःच्या खिशात ठेवायचा. डिझेल इंजिन असेल तर पट्टा उतरवायचा. बाहेरून जड हातोडा मारून थर पाडू नका, पत्रा दबतो आणि त्याच दाबलेल्या खड्ड्यात पुढचा थर पकडतो.

चालवणारा भाग थोडक्यात. ड्रमचं बूड एका शाफ्टवर बेअरिंगमध्ये बसलेलं असतं, तो शाफ्ट एका कमानीसारख्या योकमध्ये, आणि योक दोन बाजूंच्या स्टँडवर झुलतो. पिनियन फिरवणारा शाफ्ट योक ज्या अक्षावर झुलतो त्याच अक्षातून आत येतो. म्हणूनच ड्रम ओतायला झुकवला तरी दाते सुटत नाहीत आणि तो फिरतच राहतो. ओतताना फिरणं हवंच, पात्यांवरचा शेवटचा माल त्यानेच उतरतो. टिल्टिंग ड्रमचं मोठेपण इथे आहे: माल एका लोटात, एकत्र बाहेर येतो, गिट्टी मागे राहायला वेळ मिळत नाही. न झुकणाऱ्या ड्रममधून पन्हळीने माल हळू काढावा लागतो, तेव्हा आधी मसाला वाहतो आणि गिट्टी रेंगाळते. तुमचा हेल्पर हँडव्हील हळूहळू फिरवून घमेल्या-घमेल्याने माल घेत असेल, तर टिल्टिंग मशीनचा तोच फायदा तो घालवतो आहे. पूर्ण बॅच पत्र्यावर एकदम ओता, तिथून फावड्याने घमेल्यात भरा.

दातेरी रिंग उघडी असते आणि तिच्यावर सिमेंटची धूळ बसते. त्यावर भरमसाट ग्रीस थापलं की धूळ आणि ग्रीस मिळून दात घासणारा लेप तयार होतो. आधी ब्रश आणि डिझेलने दात साफ करा, मग पातळ थर पुरे. पिनियनचे दात टोकदार झाले असतील तर पिनियन बदला. तो स्वस्त आहे. झिजलेल्या पिनियनने रिंग खाल्ली तर खर्च कितीतरी पट.

आता वेळ. आयएस ४५६ किमान २ मिनिटं मिसळायला सांगते. २० फेऱ्यांनी ती ४० फेरे होतात. साइटवर मी घड्याळ लावून पाहिलंय, गर्दीच्या वेळी बॅच ४०-४५ सेकंदांतच ओतली जाते. का, तेही समजतं. १,००० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे साडेअकरा-बारा घनमीटर, बीम धरले तर सोळाच्या आसपास. एका बॅचला १३० लिटर म्हणजे सव्वाशेच्या जवळपास बॅचेस. भरणं, दोन मिनिटं मिसळणं, ओतणं, सगळं मिळून चार मिनिटं धरली तर आठ तासांहून जास्त. ठिय्यावरून आणलेली मजुरांची टोळी दुपारपर्यंत मोकळी व्हायला बघते, ठेकेदार हो म्हणतो, आणि कापली जातात ती मिसळण्याची मिनिटं, कारण तिथली कपात कुणाला दिसत नाही. स्लॅबसाठी दुसरा मिक्सर भाड्याने आणा. दुसऱ्या मिक्सरचं एका दिवसाचं भाडं हे गळक्या स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगपुढे काहीच नाही. किंवा रस्ता रुंद असेल तर रेडीमिक्स मागवा. त्या गाडीचा ड्रमही याच कुळातला, फक्त त्यात पात्यांऐवजी दोन लांब मळसूत्री पट्ट्या असतात. एका दिशेला फिरवलं की त्या माल आत ढकलतात आणि उलट फिरवलं की बाहेर काढतात. प्रवासात तो मिनिटाला दोन ते सहा फेऱ्यांनी हळू हलवला जातो.

वेळ जास्त झाला तरी वाईट. पंप बिघडला, वर सळ्यांची तपासणी चालू आहे, म्हणून भरलेला ड्रम पंधरा-वीस मिनिटं फिरवत ठेवू नका. पाणी उडतं, गिट्टीच्या कडा झिजून बारीक पीठ तयार होतं, माल आखडतो आणि मग कुणीतरी पाईप घेऊन येतं.

सिमेंटच्या गोळ्यांचं कारण बहुतेक भरण्याच्या क्रमात असतं. पाण्याचा पाव भाग आधी फिरत्या ड्रममध्ये जाऊ द्या, भिंती ओल्या होऊ द्या. हॉपरमध्ये (माल भरून ड्रममध्ये ओतायच्या खोक्यात) खाली निम्मी गिट्टी, त्यावर निम्मी रेती, त्यावर पूर्ण सिमेंट, मग उरलेली गिट्टी आणि वर उरलेली रेती. सिमेंट असं मधे दडलं की वाऱ्याने उडत नाही आणि ओल्या भिंतीवर थेट आपटून चिकटतही नाही. माल आत जात असतानाच बाकीचं पाणी सोडत राहा. सगळं पाणी आधी आणि त्यावर कोरडं सिमेंट, असं केलं की वरून ओले आणि आतून कोरडे गोळे होतातच. दोन मिनिटांत ते गिट्टीखाली फुटतात, ४५ सेकंदांत फुटत नाहीत. आणि दिवसाच्या पहिल्या बॅचला १० टक्के सिमेंट जास्त टाका. कोरडा ड्रम आणि पाती आपल्या अंगावर मसाला ओढून घेतात, तो कुठून तरी जायचाच.

मे महिन्यातलं नागपूर वेगळं सांगायला हवं, कारण तुमचा दुसरा स्लॅब मेमध्ये येतोय असं तुम्ही लिहिलंय. पारा ४५ च्या वर गेला की उन्हातल्या ड्रमच्या पत्र्याला हात लावता येत नाही. काळ्या टाकीतलं पाणी चहाच्या आधणासारखं असतं, गिट्टीचा ढीग तापलेला. अशा भांड्यात पडलेलं सिमेंट ओलं होताक्षणी घट्ट व्हायला लागतं आणि पात्यांवर थर दुप्पट वेगाने चढतो. उन्हाळी काँक्रीटसाठी आयएस ७८६१ हे वेगळं मानकच आहे आणि त्यात ४० अंशांवरचं तापमान उष्ण हवामान धरलं आहे. आपल्याकडे ते मार्चअखेरीलाच सुरू होतं. आदल्या रात्री गिट्टीवर पाणी शिंपडा, टाकीवर ओलं गोणपाट टाका, ड्रमला बाहेरून पांढरा रंग मारा, मिक्सरवर मांडव घाला. पहाटे पाचला पहिली बॅच पडली पाहिजे. दहानंतर नवीन बीम सुरू करू नका. पाणी वाढवण्याचा मोह या दिवसांत सगळ्यात जास्त होतो. मिस्त्री म्हणतो माल चालत नाही, आणि त्याचं म्हणणं खोटं नसतं, पण इलाज थंड पाणी आणि सावली आहे, जास्त पाणी नाही. फार गरज वाटली तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) मापाने वापरा.

एवढं सगळं केल्यावर मिक्सर सुधारला की नाही हे डोळ्यांवर सोडू नका. एक बॅच ओतताना सुरुवातीच्या भागातून एक बादली आणि शेवटच्या भागातून एक बादली बाजूला काढा, दोन्ही सारख्या वजनाच्या. पावणेपाच मिलिमीटरच्या चाळणीवर भरपूर पाण्याने धुवा, वर राहिलेली गिट्टी पुसून तोला. दोन्ही वजनांची सरासरी काढा. प्रत्येक बादलीतली गिट्टी त्या सरासरीपासून ५ टक्क्यांपेक्षा जास्त हलू नये, ही चांगल्या मिक्सरची खूण. सरासरी १० किलो असेल तर फरक अर्ध्या किलोच्या आत. ही चाचणी पाऊण तासात होते, चाळणी आणि काटा सोडला तर काही लागत नाही. पुली बदलण्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा करा. आकडे तुमच्या मिस्त्रीला दाखवा, तो माझ्यापेक्षा त्यांचं ऐकेल. सोबत प्रत्येक स्लॅबचे १५० मिलिमीटरचे क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) भरून ताकद तपासायला लॅबला द्या. एका नमुन्याचे तीन, आणि सोळा घनमीटरला असे तीन नमुने लागतात.

नवा मिक्सर घ्यायचा का, हेही विचारलंय. माझं मत: आत्ता नको. पत्र्याला छिद्रं नसतील, बुडाचं बेअरिंग हलवल्यावर ठोकत नसेल आणि रिंग एका बाजूला डगमगत नसेल, तर हा मिक्सर साफसफाई आणि जुन्या पुलीवर अजून बरीच वर्षं चालेल. हॉपरचा वायर रोप मात्र न बघता नवा टाका. त्यातल्या तारा तुटून बाहेर आलेल्या असतात आणि बायका त्याच हॉपरखाली रेती ओढत असतात. उचललेल्या हॉपरखाली कुणीही जायचं नाही, रोप नवा असला तरीही.

काम संपल्यावरची दहा मिनिटं मशीनचं आयुष्य ठरवतात. शेवटची बॅच ओतली की लगेच दोन घमेली गिट्टी आणि दोन बादल्या पाणी टाकून पाच मिनिटं फिरवा. गिट्टी पात्यांच्या कोपऱ्यातला ओला मसाला खरवडून काढते. हे पाणी उद्याच्या काँक्रीटमध्ये वापरू नका, गिट्टी धुऊन बाजूला ठेवा. मग स्वच्छ पाण्याने एकदा, आणि बाहेरच्या पत्र्यावर जळक्या ऑइलचा हात. ड्रमचं तोंड खाली करून पिन लावा, म्हणजे रात्रभर उरलेलं पाणी निथळेल आणि सकाळी पहिला हेल्पर येईल तेव्हा बुडात गंज चढलेला नसेल.